भाड्याने द्यायला पहिला छोटा फ्लॅट घ्यायचाय, अनुभवी लोकांनी जरा सांगा

भांडुपकर_८९:

नमस्कार मंडळी. वय ३४, अंधेरीला खासगी नोकरी, बायको मुलुंडला शाळेत शिकवते. आईबाबांसोबत भांडुपला राहतो त्यामुळे घरभाडं वाचतं, दोघांनी मिळून सातआठ वर्षांत १८ लाख साठवलेत आणि ४ लाख वेगळे एफडीत आहेत, त्यांना काही झालं तरी हात लावायचा नाही असं आमचं ठरलंय. आता एक छोटी जागा घेऊन भाड्याने द्यावी असं डोक्यात आहे, पुढे मुलीच्या शिक्षणाला उपयोगी पडेल.

दोन जागा बघितल्यात. एक डोंबिवली पूर्वेला वन बीएचके, अंडर कन्स्ट्रक्शन, ४२ लाख सांगतात, पझेशन तीन वर्षांनी. साइटवरचा मुलगा म्हणतो पझेशन मिळाल्या मिळाल्या १५ हजार भाडं कुठेच गेलं नाही. दुसरी आमच्याच भांडुप पश्चिमेला रिसेलचा वन आरके, २७० स्क्वेअर फूट कार्पेट, दुसरा मजला, लिफ्ट नाही, बिल्डिंग ३५ वर्षांची, स्टेशनला चालत बारा मिनिटं. ५२ लाख मागतायत, आत्ता भाडेकरू १८ हजार देतोय.

बाबा म्हणतात जागा घे, जागेत पैसा बुडत नाही. ऑफिसमधला मित्र म्हणतो वेडा आहेस का. मला खरंच कळत नाहीये, आधी काय तपासायचं, हातात किती पैसे ठेवायचे, आणि भाडेकरूचं सगळं कसं सांभाळायचं. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी प्लीज सांगा.

कांजूर_ऐरोली:

भाऊ, माझ्याकडे दोन आहेत, कांजूरला एक आणि ऐरोलीला एक, दहा वर्षं झाली. पहिला घेताना मी जी चूक केली ती तुम्ही करू नका म्हणून सविस्तर लिहितो. मी भाडं गुणिले बारा केलं, किमतीने भागलं आणि खूश झालो. तसं नसतं ते.

तुमच्या भांडुपच्या जागेचाच हिशोब घ्या. १८ हजार भाडं, पण वर्षातले अकरा महिनेच धरा कारण एक जाऊन दुसरा येईपर्यंत जागा रिकामी राहते, रंग काढावा लागतो, एप्रिल-मेमध्ये लोक शिफ्ट होतात आणि पावसाळ्यात कोणी बघायलाही येत नाही. म्हणजे १ लाख ९८ हजार. त्यातून मेंटेनन्स महिना अडीच हजार धरला तर ३० हजार गेले. नळ, बेसिन, रंग, पंखा हे सगळं मिळून वर्षाला सरासरी १२ हजार धरा, एखाद्या वर्षी काहीच लागत नाही आणि एखाद्या वर्षी एकदम चाळीस लागतात. एजंटची ब्रोकरेज दर बदलीला एक भाडं, दोन वर्षांनी माणूस बदलला तर वर्षाला ९ हजार. उरले १ लाख ४७ हजार. प्रॉपर्टी टॅक्सचं तेवढं बरंय, बीएमसी हद्दीत ५०० स्क्वेअर फुटांपर्यंतच्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून माफ आहे, डोंबिवलीला ते लागू नाही.

आता जागा ५२ ला पडत नाही. मुंबईत स्टॅम्प ड्युटी ६ टक्के, फक्त बाईच्या नावावर घेतली तर ५. रजिस्ट्रेशन ३० हजार, एजंट एक टक्का तरी. वहिनींच्या नावावर घेतलीत तरी ५५ लाख ४० हजारांच्या आसपास जाता. म्हणजे हातात येणारं २.६५ टक्के. हा आकडा आधी कागदावर लिहा आणि मग पुढचं बोला.

लोनचं सांगतो. तीस ते पंचाहत्तर लाखांच्या लोनला बँक जागेच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते, स्टॅम्प ड्युटी वगैरे आपल्या खिशातून. ४१ लाख ६० हजार लोन, साडेआठ टक्के, वीस वर्षं, हप्ता साधारण ३६ हजार. भाडं १८. म्हणजे दर महिन्याला अठरा हजार तुमच्या पगारातून, वर मेंटेनन्स. हे वीस वर्षं झेपेल का हा खरा प्रश्न आहे, फ्लॅट चांगला का वाईट हा नंतरचा. आणि बिल्डिंग ३५ वर्षांची आहे तर बँक वीस वर्षं देईल असं गृहीत धरू नका, जुन्या बिल्डिंगला मुदत कमी करतात मग हप्ता वाढतो. टोकन द्यायच्या आधी बँकेत जाऊन बिल्डिंगचं नाव सांगून विचारा.

तुमचे १८ पैकी साधारण १४ लाख यात जातील. उरलेल्या चारमधून सहा हप्ते, म्हणजे सव्वादोन लाख, वेगळ्या खात्यात टाका आणि ते फक्त जागा रिकामी असताना वापरा. मी हे ठेवलं नव्हतं. कोविडमध्ये कांजूरचा फ्लॅट सात महिने बंद होता आणि मी बायकोच्या बांगड्या ठेवून हप्ते भरले, ते अजून विसरलो नाहीये.

डोंबिवलीच्याबद्दल एवढंच की तीन वर्षं भाडं शून्य आणि हप्ता चालू. साइटवरच्या मुलाच्या पंधरा हजारावर जाऊ नका, त्याच गल्लीतल्या तयार बिल्डिंगच्या वॉचमनला विचारा वन बीएचके कितीला जातो.

कामोठेवाली_ताई:

वरच्या दादांनी पैशाचं नीट सांगितलंय, मी जागा बघताना काय बघायचं ते सांगते कारण मला ते महागात पडलं.

रिसेल जागा बघायला गेलात की मालक फॅन लावून दाखवेल, खिडकी उघडून हवा दाखवेल. ते राहू द्या. आधी खालच्या मजल्यावर जा, बेल वाजवा, आणि हात जोडून सांगा की वरची जागा घेतोय, तुमच्या बाथरूमचं छत बघू का. मी कामोठ्याची जागा घेतली तेव्हा बाथरूममध्ये नवीन टाइल्स बसवलेल्या, चकाचक. चार महिन्यांनी खालच्या काकूंनी मला बोलावलं. त्यांच्या छताला पोपडे आलेले, पिवळा डाग पार ट्यूबलाइटपर्यंत, आणि खाली बादली ठेवलेली, टप टप आवाज येतोय. काकू म्हणाल्या तीन वर्षं झाली गं, आधीच्या मालकाला सांगून थकले, त्याने वरून टाइल्स टाकल्या पण नहाणी ट्रॅप आणि कोबा तसाच. मग सगळं फोडून वॉटरप्रूफिंग केलं, ६८ हजार गेले, आणि भाडेकरू दोन आठवडे दुसरीकडे राहिला त्याचं भाडं सोडलं ते वेगळं. खाली जाऊन पाच मिनिटं बघितलं असतं तर हे सगळे आधीच किमतीतून कापून घेतले असते.

पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ ते मालकाला विचारू नका, जिन्यात भेटेल त्या बाईला विचारा. आणि पहिल्या पावसात एकदा जाऊन भिंतीला हात लावून बघता आलं तर फारच चांगलं, पण कोणी तितकं थांबत नाही ते मला माहितीये.

अजून एक म्हणजे स्वतःच्या घरापासून तासाभरात पोचता येईल अशीच पहिली जागा घ्या. रात्री अकराला भाडेकरूचा फोन येतो की मेन कॉक तुटलाय, तेव्हा ओळखीचा प्लंबर पाठवता आला पाहिजे. तुम्ही भांडुपचे, त्या गल्लीत तुम्हाला किराणावाला ओळखतो, प्लंबर ओळखतो, हे पैशात मोजता येत नाही पण फार कामाचं असतं.

नवी मुंबईकडे वळलात तर तिथे बऱ्याच जागा सिडकोच्या लीजवरच्या असतात, ट्रान्सफरला सिडकोचे चार्जेस वेगळे लागतात, ते कोण भरणार हे टोकनच्या आधी ठरवा. बाहेरून रंग बघून एसआरएची (झोपडपट्टी पुनर्वसनातली) जागा स्वस्त वाटते पण त्यांना ठरावीक वर्षं विकायला बंदी असते. पागडीच्या जागेच्या तर वाटेलाच जाऊ नका पहिल्या फटक्यात.

भाडेकरार_वाला:

मी रोज चारपाच लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाडेकरार, करतो, अंगठे घ्यायला घरोघरी मशीन घेऊन जातो, म्हणून फक्त त्यातलं बोलतो.

लोकांच्या डोक्यात अजून पक्कं बसलंय की अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट असेल तर रजिस्टर करायला लागत नाही, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलं की झालं. महाराष्ट्रात हे चालत नाही. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ॲग्रीमेंट लेखी आणि रजिस्टर पाहिजे, मग ते अकरा महिन्यांचं असो की तीन वर्षांचं, आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची. नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. पण मला दंडापेक्षा दुसरी गोष्ट गंभीर वाटते. लेखी रजिस्टर कागद नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करायचं. मुदत संपल्यावर माणूस उठला नाही तर रजिस्टर ॲग्रीमेंटवर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि त्या दिवसांचं भाडं दुप्पट मागता येतं. हे सगळं त्या एका कागदावर उभं आहे.

खर्च किती? तुमचं १८ हजार भाडं, ७५ हजार डिपॉझिट, अकरा महिने धरले तर एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी व्याज, त्या बेरजेवर पाव टक्का स्टॅम्प ड्युटी. पाचसहाशे रुपये होतात. महापालिका हद्दीत रजिस्ट्रेशन एक हजार. वर आमच्यासारख्यांची फी. एवढ्यासाठी लोक पन्नास लाखांची जागा धोक्यात घालतात, मला खरंच वाईट वाटतं.

एक केस माझ्या डोळ्यासमोरची. मुलुंडच्या एका आजोबांनी नोटरीवर जागा दिली, भाडेकरूने पाचव्या महिन्यापासून भाडं थांबवलं आणि वर सांगायला लागला की मी वरचे पैसे रोखीत देत होतो. कागदच नाही तर कोणाचं ऐकायचं? शेवटी डिपॉझिट पूर्ण परत देऊन आणि वर शिफ्टिंगचा टेम्पो स्वतःच्या पैशाने करून आजोबांनी जागा मोकळी केली. मीटर आजोबांच्या नावावर, ११,४०० चं थकलेलं लाइट बिलही त्यांनीच भरलं. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो दर महिन्याला लाइट बिल ऑनलाइन स्वतः बघा, भरलं नसेल तर त्याच आठवड्यात फोन करा.

भाडं बँकेतच घ्या, रोख घेऊ नका. ॲग्रीमेंट झालं की पोलिसांना भाडेकरूची माहिती कळवा, ऑनलाइन होतं. लॉक-इन, नोटीस पिरियड आणि रंगाचा खर्च कोणाचा हे ॲग्रीमेंटमध्ये लिहून घ्या, तोंडी ठेवू नका. चावी देताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा आणि दोघांच्या व्हॉट्सॲपवर टाका.

सोसायटी भाड्याच्या परवानगीचे पैसे मागायला लागली तर घाबरू नका. सोसायटीला कळवायचं आणि ॲग्रीमेंटची कॉपी द्यायची. नॉन ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते) सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, २००१ चा सरकारी आदेश आहे. पूर्ण बिलाच्या १० टक्के नाही, फक्त सर्व्हिस चार्जेसच्या. बिलात सर्व्हिस चार्जेस ९०० असतील तर नव्वद रुपये. जागा ट्रान्सफर करताना प्रीमियमसुद्धा महापालिका हद्दीत २५ हजारांच्या वर नाही, ‘डोनेशन’ म्हणून लाख मागतात ते नियमात बसत नाही.

सीए_अभ्यास_चालू:

मी विरुद्ध बाजूने बोलतो, राग मानू नका. साडेआठ टक्क्यांनी पैसे घेऊन पावणेतीन टक्के देणारी वस्तू घेतली तर मधला फरक फक्त जागेची किंमत वाढूनच भरून येणार. म्हणजे तुम्ही भाड्यासाठी घेत नाही, भाव वाढेल म्हणून घेताय, हे स्वतःशी कबूल करा आणि मग ठरवा. १४ लाख एफडीत ठेवले तरी झोप शांत लागते. निम्मं लोन असतं तर माझं मत वेगळं असतं.

आणि टॅक्सबद्दल एजंट लोक अर्धवट सांगतात. भाड्यातून म्युनिसिपल टॅक्स वजा करून उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, लोनचं व्याजही वजा होतं. पण पहिल्या वर्षांत व्याजच साडेतीन लाखांच्या घरात जाईल, म्हणजे कागदावर तोटा. जुन्या टॅक्स रिजीममध्ये तो तोटा दोन लाखांपर्यंत पगारातून वजा होतो, नव्या रिजीममध्ये पगारातून एक रुपयाही वजा होत नाही. तुम्ही कुठल्या रिजीममध्ये आहात ते बघूनच हिशोब करा. दुसरं, स्टॅम्प ड्युटी वाचवायला वहिनींच्या एकटीच्या नावावर घेतली आणि पैसे सगळे तुमचे असतील तर भाडं तुमच्याच उत्पन्नात धरलं जातं. त्यांच्या पगारातून खरंच किती जातायत ते बँकेच्या नोंदीत दिसलं पाहिजे. आणि किंमत ५० लाखांच्या वर आहे म्हणून मालकाला पैसे देताना एक टक्का टीडीएस कापून तुम्ही भरायचाय, तुमच्या केसमध्ये ५२ हजार. विसरलात तर नोटीस तुम्हालाच येते.

कांजूर_ऐरोली:

@सीए_अभ्यास_चालू बरोबर आहे तुमचं, मी नाही म्हणत नाही. भाड्याने हप्ता भागत नाही मुंबईत, ज्याला कोणी भागतो म्हणून सांगत असेल त्याच्याकडून जागा घेऊ नका. पण माझ्यासारख्याचे एफडीतले पैसे कधीच टिकले नाहीत, कोणाचं लग्न, कोणाचं ऑपरेशन. हप्ता होता म्हणून जागा उभी राहिली. हे गणितात बसत नाही पण माझ्या घरात तरी असंच झालं.

डोंबिवलीचं एक राहिलं. तिकडे घ्यायचीच असेल तर नुसता रेरा नंबर (प्रकल्पाची सरकारी नोंदणी) बघून थांबू नका. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचं प्रकरण आठवतंय ना, महापालिकेची खोटी परवानगीपत्रं लावून रेरा नंबर घेतले होते आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये हायकोर्टाने पाडायचे आदेश दिले. आत लोक राहत होते, लोन चालू होती. बांधकाम परवानगीचा नंबर घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात स्वतः जाऊन खात्री करा, एक सुट्टी गेली तरी चालेल.

भांडुपकर_८९:

सगळ्यांचे मनापासून आभार, प्रिंट काढून बाबांना वाचायला दिलं. डोंबिवली आम्ही सोडली.

ताई, तुमचं ऐकून रविवारी भांडुपच्या जागेला बायकोला घेऊन गेलो आणि आधी खालच्या घरी बेल वाजवली. त्यांचं बाथरूम कोरडं आहे, पण किचनच्या ओट्यावरच्या कोपऱ्यात ओल आहे, त्या म्हणाल्या दोन पावसाळे झाले. पाणी सकाळी पाच ते सात, टाकी आहे त्यामुळे दिवसभर पुरतं. मालकाला ओलीचं विचारलं तर आधी नाही म्हणाला, फोटो दाखवल्यावर गप्प बसला.

सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटलो. शेअर सर्टिफिकेट आहे, कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, झालेला नाही. स्ट्रक्चरल ऑडिट शेवटचं सहा वर्षांपूर्वी. रीडेव्हलपमेंटची चर्चा चालू आहे म्हणाले आणि त्याच जोरावर मालक ५२ वर अडून बसलाय. आता हे कन्व्हेयन्स नसणं किती मोठी अडचण आहे?

कांजूर_ऐरोली:

मोठी आहे. जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर आहे, मग रीडेव्हलपमेंटला ५१ टक्के सभासद तयार झाले तरी जमिनीचं घोडं अडतं. डीम्ड कन्व्हेयन्सचा (बिल्डर सही करत नसेल तर सरकारी अधिकाऱ्याकडून जमीन नावावर करून घ्यायचा) अर्ज केलाय का विचारा, केला असेल तर कुठपर्यंत आलाय त्याची कॉपी मागा. तीस वर्षांवरच्या बिल्डिंगचं ऑडिट दर तीन वर्षांनी व्हायला पाहिजे, सहा वर्षं झाली म्हणजे कमिटी झोपलीये, आणि ऑडिट झालं की रिपेअरचं काँट्रिब्युशन नवीन मालकाच्या गळ्यात पडतं. रीडेव्हलपमेंट होईल म्हणून एक रुपयाही जास्त देऊ नका, माझ्या ऐरोलीच्या बिल्डिंगमध्ये ही चर्चा नऊ वर्षं चालू आहे. ओल, ऑडिट आणि कन्व्हेयन्स तिन्ही पुढे ठेवून ४७ पासून बोला. ठरलेली किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारने ठरवलेली) किंमत दोन्ही ५० च्या आत असतील तर टीडीएसची भानगडही नाही. फक्त स्टॅम्प ड्युटी रेडी रेकनर आणि ॲग्रीमेंटची किंमत यात जी जास्त त्यावर बसते, तो आकडा आधी काढून ठेवा.

कामोठेवाली_ताई:

आणि आत्ताच्या भाडेकरूशी पाच मिनिटं बोला. त्याचं ॲग्रीमेंट कधी संपतंय, डिपॉझिट कोणाकडे आहे. ते डिपॉझिट मालकाकडून तुमच्याकडे आलं पाहिजे, नाहीतर तो जाताना तुम्हाला स्वतःच्या खिशातून द्यावं लागेल.

भांडुपकर_८९:

हे डोक्यातच आलं नव्हतं, थँक्यू ताई. आज संध्याकाळी भेटलो त्याला, नाहूरला कामाला आहे, नवराबायको आणि एक लहान बाळ, तीन वर्षांपासून आहेत. म्हणाला किचनच्या सिंकखालचा पाइप गळतो, दोनदा सांगितलं पण मालक येत नाही, म्हणून खाली वाटी ठेवलीये. कोपऱ्यातली ओल तिथूनच असणार. ॲग्रीमेंट जूनमध्ये संपतंय, डिपॉझिट ६० हजार मालकाकडे. तुम्ही घेतलीत तर आम्हाला राहू द्याल ना असं त्याच्या बायकोने विचारलं.

मालकाला ४७ सांगितलेत, डीम्ड कन्व्हेयन्सच्या अर्जाची कॉपी आणि बँकेचं लेखी उत्तर आल्याशिवाय टोकन देणार नाही हेही सांगितलं. शनिवारी फोन करतो म्हणालाय. तोपर्यंत उद्या बँकेत जातोय.